रोपांचा व्यापार व त्याचे पुढारीपण

बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुतेक जिनसांची परीक्षा गिऱ्हाइकास जागच्या जागी करता येते. धान्य मुठीत घेऊन पाहावे, कापड बोटांनी चाचपावे, सोने कसास लावावे, असा लोकव्यवहार आहे. फळझाडाचे रोप हा मात्र निराळा जिन्नस होय. हिरवीगार पालवी फुटलेल्या कलमाचा डोळा उत्तम झाडावरून घेतला आहे की वाटेल त्या झाडावरून, त्याच्या मुळ्यांत रोग आहे की नाही, हे घेणाऱ्याच्या दृष्टीस पडत नाही. आणि पुष्कळदा विकणाऱ्यासही ते खात्रीने ठाऊक नसते. संत्र्याचे झाड बहरास येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. तेवढ्या अवधीत शेतकऱ्याने विहीर खोदलेली असते, कुंपण घातलेले असते, कर्ज काढलेले असते. आणि मग पहिल्या फळाबरोबर त्यास आपली फसगत उमगते. त्या वेळी रोपे विकणाऱ्याचा पत्ता लागेलच असे नाही. लागला तरी गेलेली वर्षे परत देण्याचे सामर्थ्य कोणत्याही न्यायालयात नाही.

अशा व्यापारात पत हेच खरे भांडवल होय, हे निराळे सांगावयास नको. परंतु ही पत एकट्याची नसते, ही गोष्ट तितकीशी ध्यानात घेतली जात नाही. एका पन्हेरीवाल्याने रोगट कलमे खपविली म्हणजे त्याच्याबरोबर त्याच्या गावाचे नाव जाते, आणि शेजारचा प्रामाणिक माणूसही संशयास पात्र ठरतो. म्हणून या धंद्यात संघाची जेवढी आवश्यकता आहे तेवढी ती क्वचितच दुसऱ्या एखाद्या धंद्यात असेल. अशा संघाचे पुढारीपण म्हणजे नेमके काय, पुढाऱ्याने कोणाशी झगडावयाचे आणि कोणास आवरावयाचे, या प्रश्नाचा विचार आपल्याच प्रांताच्या इतिहासाच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बुलढाणा जिल्ह्याचे 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असे दोन भाग लोक बोलण्यात करतात. चिखली हे घाटावरचे तालुक्याचे ठिकाण. ते जालन्याहून खामगावकडे जाणाऱ्या सडकेवर वसलेले असल्यामुळे एका अंगाने मराठवाड्याच्या व्यापाराशी आणि दुसऱ्या अंगाने घाटाखालच्या कपाशीच्या पेठांशी त्याचा संबंध पिढ्यान्‌पिढ्या राहिला आहे. आज चिखलीहून देऊळगाव राजा व सिंदखेड राजा या तालुक्यांकडे जाताना काळ्या रानात मधूनमधून जाळीची घरे उभी दिसतात. लोक त्यांस 'शेडनेट' म्हणतात, आणि आत जे चालते त्यास 'सीड प्लॉट'. टोमॅटो, मिरची, काकडी यांसारख्या भाज्यांचे संकरित बी तेथे तयार होते. सावलीखाली नाजूक पीक जोपासण्याची ही कल्पना वऱ्हाडास अगदीच अपरिचित होती असे नाही. येथील बारी लोक विड्याच्या पानांचे मळे करीत आले आहेत, आणि पानवेलीस शेवरी-पांगाऱ्याची सावली व सभोवार कूड देऊन ऊन-वाऱ्यापासून जपण्याची विद्या त्यांच्यात परंपरेने चालत आली आहे. नवीन आहे ती जाळी, आणि त्याहून नवीन आहे तो करार. परंतु कराराकडे आपण शेवटी वळू. प्रथम या भूमीने बियाण्यांच्या बाबतीत पूर्वी काय भोगले ते पाहिले पाहिजे.

इ. स. १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढील दहा वर्षांच्या आत अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर खिळली. उमरावतीच्या नावावरून वऱ्हाडी कापसास लिव्हरपूलच्या बाजारात 'ओमरा' हे नाव पडले. खामगावची पेठ भरास आली, आणि १८७० साली लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत खामगावचा लोहमार्ग उघडला गेला. पैसा आला त्याबरोबर लबाडीही आली. गाठीत माती, पाणी, हलका कापूस घालणे हे इतके बोकाळले की मुंबई सरकारास १८६३ मध्येच कापसातील भेसळीविरुद्ध खास कायदा करावा लागला. पण गाठीतली भेसळ निदान गाठ फोडल्यावर दिसत होती. तिच्याहून खोल भेसळ बियाण्यात झाली. निरनिराळ्या गावचा कापूस एकाच जिनात पिंजला जाई, सरकी एकाच ढिगात पडे, आणि पुढल्या मृगात शेतकरी तीच मिश्र सरकी पेरी. लांब धाग्याची जुनी बनी कपाशी अशाने मागे पडली, आणि आखूड धाग्याच्या पण अधिक उताऱ्याच्या जातींनी तिची जागा घेतली. यात कोणा एका माणसाचा अपराध दाखविता येणार नाही. बियाण्याची जबाबदारी ज्याच्या शिरावर आहे असा कोणी नव्हताच, हाच काय तो अपराध.

बाजारातील लबाडीस आळा घालण्याच्या कामी मात्र वऱ्हाडाने हिंदुस्थानास वाट दाखविली. कारंज्याचा कापूस बाजार १८८६ साली नियमांखाली आला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. पुढे देशभर ज्या बाजारसमित्या निघाल्या त्यांचे मूळ येथे आहे. शाही कृषि आयोगाने १९२८ सालच्या आपल्या अहवालात या पद्धतीची प्रशंसा केली. परंतु वऱ्हाडच्या समित्यांत व्यापाऱ्यांचे प्राबल्य आहे आणि माल पिकविणाऱ्यास स्थान नाही, ही तिची उणीवही दृष्टीआड केली नाही. या प्रकरणातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. धंदा स्वतःस शिस्त लावीत नाही तेव्हा ती बाहेरून लागते, ही एक. आणि बाहेरून लागलेली शिस्त जो आधीच बलवान आहे त्याच्याच हाती सहसा जाते, ही दुसरी.

आता कपाशीकडून फळझाडांकडे वळू. नागपूर-वऱ्हाडातील संत्र्याची लागवड दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळी, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास, औरंगाबादेकडून आणलेल्या झाडांपासून सुरू झाली अशी परंपरा आहे. राजाच्या बागेतील हे कौतुकाचे झाड पुढील शतकात काटोल, वरुड, मोर्शी या भागांत शेतकऱ्याच्या रानात आले, आणि त्याच्याबरोबर एक नवा धंदा जन्मास आला. जंबेरीचे बी पेरून खुंट तयार करावा, त्यावर चांगल्या झाडाचा डोळा बांधावा आणि वाढलेले कलम विकावे, हा तो धंदा. वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाट हे गाव या कामी विशेष नावाजले. रोपवाटिकेस तिकडे 'पन्हेरी' म्हणतात, आणि विदर्भाच्या बागांतील कितीतरी संत्र्यांची कुळी त्या पन्हेऱ्यांपर्यंत जाऊन पोचते.

हा धंदा म्हणजे हातांची विद्या आहे. डोळा काढताना सालीस इजा न व्हावी, खुंटाची साल पुरी सुटलेली असावी, बांधणी सैल वा घट्ट नसावी, हे पुस्तकातून शिकता येत नाही. परंतु या विद्येच्या काही गोष्टी अशा आहेत की त्यांत कसूर केल्यास ती झाकून जाते. डोळा जमिनीपासून वीतभर उंचीवर बांधावयास हवा. तो खाली बांधला तर काम जलद होते, पण बागेत ओल डोळ्याच्या सांध्यास लागून 'डिंक्या' रोग शिरतो आणि भर तारुण्यातले झाड डिंक गाळीत वाळते. एकाच काळ्या जमिनीत वर्षामागून वर्ष पन्हेरी टाकली तर तोच रोग मातीत मुरतो आणि कलमाच्या मुळीबरोबर गावोगाव जातो. डोळे ज्या झाडावरून घ्यावयाचे ते मातृवृक्ष जातिवंत, निरोगी आणि चांगल्या उताऱ्याचे असावेत; पण घाईच्या वेळी हाताशी येईल त्या फांदीवरून डोळे काढण्याचा मोह कोणास होत नाही? नागपुरास १९८५ साली लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. त्याने निर्जंतुक केलेल्या मातीच्या पिशव्यांत, जाळीच्या छपराखाली कलमे वाढविण्याची पद्धत सांगितली, ती याच कारणासाठी. येथे पन्हेरी आणि हरितगृह हे दोन धंदे एक होतात.

संत्रेवाल्यांचा एक संघ मात्र आपल्या लोकांच्या रोज तोंडी आहे, आणि तो संघ आहे हे फार थोड्यांस ठाऊक असते. 'नोगा' या नावाचा मुरंबा, सरबत अथवा टोमॅटोची चटणी ज्यांच्या घरात आली नाही असे मध्यम वर्गाचे कुटुंब महाराष्ट्रात विरळा असेल. हे नाव कोणा गावाचे वा देवतेचे नव्हे. 'नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन' या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांचे ते बनले आहे. संत्री पिकविणाऱ्यांनी एकत्र यावे, उतरलेल्या भावाच्या फळाचा रस काढून त्यास टिकाऊ रूप द्यावे, या हेतूचे ते स्मारक होय. पुढे हा उद्योग १९६५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृषि उद्योग विकास महामंडळाच्या हाती आला. नाव राहिले, कारखाना राहिला. संत्रेवाला मात्र मालकाच्या जागेवरून उठून माल पुरविणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसला. संघाची पत इतकी मोठी होऊ शकते की संघ मागे पडला तरी ती बाजारात चालते, हे या उदाहरणाने दिसते. त्याचबरोबर हेही दिसते की ती पत सभासदांच्या हाती राखावयाची तर संघात रोजचा जागता सहभाग हवा. नुसते नाव पुरत नाही.

पुण्याकडील इतिहास याहून निराळा आहे. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषि-उद्यान संस्थेची स्थापना १८३० साली झाली, आणि पुण्याची एम्प्रेस बाग हीच संस्था सांभाळीत आली आहे. अशा संस्था हौशी, श्रीमंत व अधिकारी लोकांच्या आश्रयावर चालत. फुलांची प्रदर्शने भरवावीत, परदेशी झाडे आणून रुजवावीत, बक्षिसे द्यावीत, हे त्यांचे काम होते, आणि त्याचे मोल कमी नाही. पण धंदेवाल्यांचा संघ त्यांच्याहून वेगळा असतो. हौशी माणसाचे झाड मेले तर त्याचा विरस होतो. धंदेवाल्याचे झाड मेले तर त्याचे घर बुडते.

गणेशखिंडीच्या सरकारी बागेने मात्र पुढे धंद्याचेच कल्याण केले. तेथे डॉ. चीमा यांनी बियांपासून वाढविलेल्या रोपांतून निवड करून १९२७ च्या सुमारास 'लखनौ ४९' हा पेरू, आणि १९३६ मध्ये पुढे 'गणेश' या नावाने प्रसिद्ध झालेले डाळिंब लोकांस दिले. एका झाडाची निवड योग्य झाली म्हणजे तिच्या कलमांनी हजारो एकर कसे व्यापले जातात, याचे हे उत्तम उदाहरण आहे. परंतु जी वाट गुणास मोकळी असते ती रोगासही मोकळी असते. राहुरीच्या विद्यापीठाने २००४ साली 'भगवा' डाळिंब प्रसारित केले. त्याच्या रंगाला बाजार मिळाला, आणि गुटी कलमांस अशी मागणी आली की जेथून मिळतील तेथून लोकांनी ती आणली. त्याच सुमारास 'तेल्या' रोगाने सोलापूर, नाशिक, सांगलीकडील बागा उजाड केल्या. रोगट बागेतील गुटी हे त्याच्या प्रसाराचे एक मुख्य वाहन होते. २००५ साली सोलापुरास डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र झाले ते योग्यच. पण रोपे विकणाऱ्यांनी आपसांत 'या बागेतून गुटी घ्यावयाची नाही' एवढा एक नियम पाळला असता, तर कित्येक बागा वाचल्या असत्या.

याच्या उलट चित्र द्राक्षांचे आहे. महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांचा संघ १९६० च्या सुमारास पुण्यास स्थापन झाला. पुणे, नाशिक, सांगली व सोलापूर असे त्याचे विभाग आहेत, आणि 'द्राक्षवृत्त' हे त्याचे मासिक. या संघाचे वैशिष्ट्य असे की त्याने आपल्या सभासदांस शिकविण्याचे काम आपले मुख्य काम मानले. छाटणी केव्हा करावी, घड विरळ कसे करावेत, कोणता खुंट क्षारपड जमिनीस चालतो, याची चर्चा बागेत उभे राहून व अधिवेशनात बसून, दोन्ही प्रकारे होत आली. तासगावकडील वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेत निवडलेली 'तास-ए-गणेश' आणि नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडलेली 'सोनाका' व 'शरद सीडलेस' या जाती शेतकऱ्याच्या डोळसपणाची साक्ष आहेत. असे डोळस शेतकरी एकएकटे असते तर त्यांची विद्या त्यांच्या बांधापलीकडे फारशी गेली नसती. १९९१ मध्ये 'महाग्रेप्स' ही निर्यातीची सहकारी संस्था निघाली. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांत एका वाढरोधक औषधाचे अंश सापडून माल अडला आणि बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. त्या वेळी सरकारकडे दाद मागणे सोपे होते, आणि ती मागितलीही गेली. पण 'आपल्या बागेत काय फवारले याची नोंद आपणच ठेविली पाहिजे' हे सभासदास पटविणे हे त्याहून कठीण काम होते. संघाच्या पुढारीपणाची परीक्षा अशाच वेळी होते.

परदेशात हा अनुभव याहून पूर्वी येऊन गेला आहे. अमेरिकेतील रोपवाटिकावाल्यांची राष्ट्रीय संघटना १८७० नंतरच्या दशकात उभी राहिली. थोड्याच वर्षांत कॅलिफोर्नियातील सॅन होझे गावाच्या नावाने ओळखली जाणारी खवलेकीड न्यू जर्सीतील दोन रोपवाटिकांनी आणलेल्या रोपांबरोबर देशाच्या पूर्व भागात आली आणि तेथून विकलेल्या रोपांवर बसून राज्याराज्यांत पसरली. १८९३ साली ती प्रथम लक्षात आली तेव्हा फार उशीर झाला होता. १८९८ मध्ये जर्मनीने अमेरिकेतील झाडांस आपली दारे बंद केली. एवढे होऊनही संसर्गरोधाचा कायदा अमेरिकेच्या विधिमंडळात काही वर्षे रेंगाळला, आणि त्यास रोपवाटिकावाल्यांचा विरोध हे एक कारण होते. शेवटी १९१२ साली तो झालाच. त्यांच्या पुढाऱ्यांनी सभासदांच्या तात्कालिक हिताचे रक्षण केले आणि धंद्याची पत दवडली, असे इतिहास पाहून म्हणावे लागते. हॉलंडातील आल्समेअरच्या फूलवाल्यांनी दुसरा मार्ग धरला. दलाल सांगेल तो भाव घ्यावा लागतो, या त्रासातून १९११ व १९१२ साली तेथे उत्पादकांच्या दोन सहकारी लिलावसंस्था निघाल्या आणि १९६८ मध्ये त्या एक झाल्या. सहकारी लिलावाचा मर्म असा की तेथे माल प्रतीप्रमाणे लावावा लागतो. हलका माल भारी म्हणून पुढे केला तर सर्वांचाच भाव उतरतो. अशा व्यवस्थेत मालाची पारख करणारा हा उत्पादकाचा शत्रू नसून त्याचाच नोकर असतो.

आपल्याकडे कायद्यांची वाण नाही. रोपांबरोबर येणाऱ्या किडींविरुद्ध १९१४ चा कायदा आहे. बियाण्यांसाठी १९६६ चा आहे. फळझाडांच्या रोपवाटिकांस परवाना लागावा म्हणून महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला. परंतु कायद्याचा निरीक्षक एक, आणि पन्हेऱ्या असंख्य. शिवाय १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना सुरू झाली तेव्हा शेतकऱ्यास अनुदान मिळू लागले आणि रोपांची मागणी एकाएकी वाढली. अनेक कोरडवाहू गावांत आंबा, डाळिंब, बोर यांच्या बागा दिसू लागल्या, ही त्या योजनेची पुण्याई खरी. पण मागणी जेव्हा मालाच्या पुढे धावते तेव्हा वाईट मालही विकला जातो, हा बाजाराचा नियम रोपांसही लागू आहे. त्या धांदलीत गिऱ्हाईक परत पाठविणारा पन्हेरीवाला हाच खरा शहाणा. आणि असा शहाणपणा एकट्याने करणे म्हणजे शेजाऱ्यास गिऱ्हाईक दान करणे होय. सर्वांनी मिळून केला तरच तो परवडतो. संघाचे प्रयोजन ते हेच.

आता घाटावरच्या जाळीच्या घराकडे येऊ. जालन्यास बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली बियाण्यांची कंपनी काढली. भेंडीच्या एका सुधारलेल्या जातीच्या बियाण्यापासून आरंभ करून त्यांनी जो व्यवसाय वाढविला त्याने जालन्याचे नाव देशभर झाले, आणि १९९८ मध्ये त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या पेठेची सावली पुढे घाटावरच्या गावांवर पडली. बीजोत्पादनाची रीत थोडक्यात अशी: कंपनी नर व मादी वाणांचे बी शेतकऱ्यास देते, कळी उमलण्यापूर्वीच मादी फुलातील पुंकेसर चिमट्याने काढावे लागतात आणि नराचे पराग हाताने लावावे लागतात, हे काम बहुधा बायका करतात, आणि दिवसाचे ठराविक तास चुकले तर फुकट जाते. जाळी कीटकांस आणि परक्या परागास दूर ठेवते. तयार झालेले बी कंपनी नेते, उगवण व जातीची शुद्धता तपासते आणि कसोटीस उतरल्यावर ठरलेला दर देते.

येथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. लेखाच्या आरंभी आपण पाहिले की रोप घेणारा शेतकरी आंधळेपणाने घेतो आणि पन्हेरीवाल्याच्या शब्दावर विसंबतो. सीड प्लॉटमध्ये हाच आंधळेपणा विकणाऱ्याच्या वाट्यास येतो. माल त्याने पिकविला, पण मालाचा निवाडा दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत होतो. बी 'नापास' झाले असे कळले तर हंगामाची मजुरी, जाळीचे कर्ज आणि चार महिन्यांची जागरणे एका शब्दाने बुडतात, आणि तो शब्द खरा की खोटा हे पाहण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. गोष्ट इतकीच नाही. हाच शेतकरी दुसऱ्या जाळीत मिरचीची वा टोमॅटोची रोपे करून शेजारच्या गावात विकतो, तेव्हा तो स्वतः निवाडा करणाऱ्याच्या जागी असतो. एकाच माणसास सकाळी जी निष्पक्ष कसोटी हवी असते ती संध्याकाळी नको असते.

मला वाटते की या धंद्याच्या पुढारीपणाचा सारा प्रश्न या एका विसंगतीत साठविला आहे. जो पुढारी कंपनीपाशी जाऊन 'नमुना आमच्या समक्ष काढा, दोन भाग करा, एक मोहोरबंद करून आमच्याकडे ठेवा, वाद पडल्यास तिसऱ्याकडून तपासू' असे म्हणतो, त्याचे म्हणणे न्याय्य आहे. पण ते म्हणण्याचा अधिकार त्यास तेव्हाच येतो, जेव्हा आपल्या सभासदाने विकलेल्या रोपांविषयी हाच नियम त्याने आधी लावलेला असतो. मातृवृक्षांची वही ठेवावी. कोणत्या लॉटची रोपे कोणास विकली ती नोंद संघात असावी. तक्रार आल्यास संघाच्याच खर्चाने पाहणी व्हावी. आणि दोष सिद्ध झाल्यास तो सभासद, मग तो कितीही मोठा वर्गणीदार असो, संघाबाहेर व्हावा. ही शिस्त जिथे आहे तिथे कंपनीचा अधिकारीही आपल्या शब्दास जपून वागतो, कारण समोरच्याची वही त्याच्या वहीशी ताडून पाहता येते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो क्षुल्लक नाही. कडक नियम मोठ्यास सोसतात, लहानास नाही. निर्जंतुक माती, दुहेरी जाळी, नोंदवह्या, तपासणीची फी हे सर्व ज्याची पन्हेरी दहा गुंठ्यांची आहे त्याने कोठून आणावे? शिवाय संघाचा अध्यक्ष स्वतःच मोठा व्यापारी असला तर नियमांच्या नावाखाली लहान प्रतिस्पर्ध्यांस उठविण्याचा मोह त्यास होणार नाही कशावरून? १८९७ च्या बाजारसमित्यांची कथा आपण वर पाहिलीच आहे. हा आक्षेप खरा आहे म्हणूनच शिस्तीचा खर्च संघाने वाटून घ्यावयाचा असतो. माती भाजण्याची सोय एक, मातृवृक्षांचा बगीचा एक, तपासनीस एक, आणि त्याचा लाभ सर्वांस, अशी योजना झाली तर दहा गुंठ्यांचा माणूसही त्याच पावतीवर रोप विकू शकतो ज्या पावतीवर दहा एकरवाला विकतो. संघ जर हे करीत नसेल तर त्याने नियमांची गोष्टच काढू नये. आणि पंचात रोपे विकणाऱ्यांबरोबर रोपे घेणारे शेतकरीही असावेत. माल पिकविणाऱ्यास वगळून केलेल्या बाजाराची उणीव १९२८ सालीच दाखविली गेली आहे, ती पुन्हा करण्याचे कारण नाही.

शेतकऱ्यांच्या चळवळींचा वारसा वऱ्हाडास मोठा आहे. अमरावती जिल्ह्यातील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९५५ साली भारत कृषक समाज स्थापन करून देशातील शेतकऱ्यास एक व्यासपीठ दिले. पुढे शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने भावाचा प्रश्न रस्त्यावर आणला. या चळवळींनी सरकारास ऐकावयास लावले. पण त्यांचा प्रतिपक्ष नेहमी बाहेर होता. म्हणून त्यांची भाषा ललकारीची होती, आणि ती तशीच असावयास हवी होती. रोपे व बियाणे करणाऱ्यांच्या संघाचा प्रतिपक्ष अर्धा बाहेर असतो आणि अर्धा आपल्याच सभेत पुढल्या रांगेत बसलेला असतो. त्याचे नाव घेऊन त्यास दोष दाखविणे, आणि तरीही पुढल्या निवडणुकीत उभे राहण्याचे धैर्य ठेवणे, हे या पुढाऱ्याचे काम आहे. टाळ्या मिळविण्याचे हे साधन नव्हे.

चिखली परिसरातील तरुण शेतकरी आज जाळीखाली जे करीत आहे ते साधे काम नाही. कपाशीची सरकी ज्या भूमीत एका ढिगात मिसळली गेली आणि जुना वाण गमावला गेला, त्याच भूमीत आज फुलाफुलागणिक पराग वेगळा राखला जातो. हातांस ही शिस्त आली आहे. ती व्यवहारास यावयाची राहिली आहे, आणि ती आणण्याचे काम कायद्याकडून वा कंपनीकडून होणार नाही. ज्या दिवशी घाटावरच्या एखाद्या संघाची पावती पाहून परक्या जिल्ह्यातील शेतकरी रोप न तपासता घेईल, आणि त्याच संघाचा मोहोरबंद नमुना पाहून कंपनी बीज नापास करण्यापूर्वी दोनदा विचार करील, त्या दिवशी या धंद्यास पुढारी मिळाला असे समजावे.